सोळा जीबीचं बिऱ्हाड

वस्तू जमवणं ही काही मोठी विद्या नव्हे. टाकून देणं ही मात्र विद्या आहे, असं माझं अलीकडे ठाम मत झालं आहे. जमवायला नुसती जागा लागते, टाकायला माहिती लागते. हातातली वस्तू काय आहे, ती कुणाच्या कामाची आहे, तिच्यावर आणखी काय काय टेकून उभं आहे, हे कळल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही. घर बदलताना आमची आई प्रत्येक डबा उघडते, हलवून पाहते, प्रसंगी हुंगते आणि मगच 'हे राहू दे' किंवा 'हे दे कुणाला तरी' असा निकाल देते. बघणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो. मलाही वाटत असे.

माझं मत बदललं ते एका संगणकामुळे. संगणकाचं नाव वाचून मराठीच्या प्राध्यापकांनी लगेच पान उलटू नये, ही विनंती. मीही कलाशाखेचीच विद्यार्थिनी आहे आणि पुढे जे सांगायचं आहे, त्याचा शेवट आपल्याच अंगणात होतो.

आमच्या घरचा संगणक दिसायला संगणकासारखा नाही. जाड शब्दकोशाएवढी एक काळी पेटी आहे. 'थिन क्लायंट' असं तिच्या जातीचं नाव. मोठ्या कचेऱ्यांत टेबलाटेबलावर अशा पेट्या असतात. खरं काम दुसरीकडच्या मोठ्या यंत्रावर चालतं. ही पेटी म्हणजे त्या कामाकडे पाहण्याची नुसती खिडकी. त्यामुळे तिच्या पोटात साठवणीची जागा बेताचीच असते. कचेरीनं जुन्या पेट्या मोडीत काढल्या की त्या बाजारात येतात. अशीच एक पेटी माझ्या मावसभावानं, आम्ही त्याला नुसतं दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी अडीच हजार रुपयांत आणून दिली. मेमरी ४ जीबी आणि साठवणीला १६ जीबीचा एसएसडी.

हे १६ सुद्धा पुरते १६ नाहीत. विकणारा एक जीबी मोजतो तो हजाराच्या पटीनं, आणि संगणक मोजतो तो १०२४ च्या पटीनं. त्यामुळे पेटीवर १६ लिहिलेलं असलं तरी पडद्यावर १४.९ दिसतात. यात कुणी कुणाला फसवत नाही; पूर्वी पायलीचं माप गावागणिक वेगळं असे, तसलाच हा प्रकार. त्यातला एक जीबी 'स्वॅप' म्हणून, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर टेकायला, बाजूला काढलेला. काही जागा नुसत्या नोंदवहीत जाते. आमच्या वाट्याला आले १३.७.

एवढ्याशा जागेत विंडोजचं बिऱ्हाड बसत नाही. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. विंडोज १० ला २०१९ पासून नव्या यंत्रांवर ३२ जीबीची अट होती, आणि त्याचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून दादानं पेटीवर डेबियन घातलं. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही प्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवतात. ती फुकट मिळते, आणि तिच्यात काय आहे हे कुणालाही उघडून बघता येतं. तिच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या खेळण्यांची नावं देण्याची प्रथा आहे. दादाकडच्या पेनड्राइव्हवर २०२१ सालची ११ वी आवृत्ती, 'बुल्सआय', होती. पुढे तिच्यावरच २०२३ सालची १२ वी, 'बुकवर्म', चढवली. बुकवर्म म्हणजे पुस्तकातला किडा. हे नाव माझ्यावरूनच पडलं असावं, असा धाकट्या भावाचा समज आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती आली. तिचं नाव 'ट्रिक्सी'. ती घ्यायची, तर नवी पॅकेजं उतरवून घ्यायला आणि मांडायला दोन-तीन जीबी मोकळी जागा हवी. आमच्याकडे उरली होती ०.६ जीबी. पाहुणे दारात आणि घरात पाय ठेवायला जागा नाही, अशी अवस्था. नवा मोठा एसएसडी घे, असं कुणीही सुचवील. पण तो पैशांचा प्रश्न झाला आणि पैशांचे प्रश्न आमच्या घरी जूनमध्ये, फी भरायच्या वेळी, आधीच पुरेसे असतात. तेव्हा जागा विकत न घेता घरातच काढायची, असं ठरवलं.

पसारा आवरण्याआधी फडताळ कसं बनलं आहे ते पाहावं लागतं. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते. त्यात असतात फ्लॅश स्मृतीच्या चिपा. ही स्मृती जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधून काढली. १९८४ साली त्यांनी तिचा पहिला प्रकार जगापुढे मांडला, आणि १९८७ साली 'नँड' हा प्रकार. आजचे एसएसडी या नँडवर चालतात. वीज गेली तरी तिच्यातलं लिखाण पुसलं जात नाही. पण तिची एक खोड आहे. तिच्यावर लिहिता येतं पानापानानं, पुसता मात्र येतं गठ्ठ्यानं. शाळेच्या पाटीशी तुलना करून पाहा. समजा, पाटीवरचं एकच अक्षर बोटानं पुसायची सोय नाही. पुसायची तर सगळी पाटी धुवावी लागते. मग एक अक्षर बदलायचं झालं तर काय कराल? दुसरी कोरी पाटी घ्याल, चांगला मजकूर तिच्यावर उतरवाल आणि पहिली धुवायला टाकाल. एसएसडी आतल्या आत हेच करत असतो. कोऱ्या पाट्या भरपूर असल्या तर काम झपाट्यानं होतं. ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असला तर दर वेळी आधी धुणं आणि मग लिहिणं. शिवाय प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच धुता येते, पुढे ती झिजते. म्हणून छोट्या एसएसडीत मोकळी जागा ही चैन नसते. त्याच्या रोजच्या व्यवहाराचं ते भांडवल असतं.

आता मोजणी. डेबियनमध्ये कुठल्या फाईलनं किती जागा व्यापली हे चित्र काढून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. त्याचं नाव 'बाओबाब'. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच, त्या प्रचंड घेराच्या खोडाची. पडद्यावर रंगीत वर्तुळं उमटतात. आतल्या वर्तुळातून बाहेरच्या फांद्या फुटतात आणि जी फांदी जाड, तिथे वजन जास्त. पहिल्यांदा हे चित्र पाहिलं तेव्हा आमच्या स्वतःच्या फाईली मला शोधाव्याच लागल्या. आईच्या बचत गटाचे हिशेब, माझी टिपणं, भावाचे चार फोटो, एवढं सगळं मिळून एक बारीकशी रेघ होती. बाकीचं सगळं झाड प्रणालीचं.

काही पसारा उघड उघड काढण्यासारखा होता. दर वेळी सुधारित पॅकेजं उतरवली की त्यांचे गठ्ठे एका कप्प्यात राहून जातात. सामान लावून झाल्यावर रिकामी खोकी माळ्यावर ठेवावीत तसे. त्यांचं वजन ०.९ जीबी. ती खोकी एका आज्ञेसरशी गेली. मग रोजनिशी. प्रणाली आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते. कोण आलं, कोण गेलं, कुठला प्रोग्राम कशावर अडखळला, सगळं. मर्यादा घातली नाही तर ही रोजनिशी ड्राइव्हच्या दहा टक्क्यांपर्यंत फुगू देण्याचा नियम आहे. आमची फुगत फुगत १.१ जीबीच्या पलीकडे गेली होती. तिला ५० एमबीची मर्यादा घातली. पन्नास एमबीतही कित्येक दिवसांचा इतिहास मावतो, आणि बिघाड शोधायला जवळचाच इतिहास लागतो. एरवी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून हे वाक्य लिहिताना मला थोडं जड जातं.

त्यानंतर कर्नल. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा भाग. लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, पण मराठीत दोघांचं लेखन एकच, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे मिशाच येतात. नवा कर्नल रुजू झाला तरी जुना लगेच जात नाही. ११ व्या आवृत्तीच्या काळातले ५.१० मालिकेचे तीन सेवानिवृत्त कर्नल आपापल्या लवाजम्यासह बराकीत राहत होते, प्रत्येकी तीन-चारशे एमबी अडवून. तिघांना निरोप दिला; एक जीबी सुटला. मात्र चालू कर्नलच्या लगतच्या आधीचा एक मुद्दाम ठेवला. उद्या नव्यानं यंत्र सुरूच होऊ दिलं नाही, तर जुन्याच्या हाती सूत्रं देऊन घर चालू ठेवता येतं. एक म्हातारं माणूस घरात असावं, असं म्हणतात ते याचसाठी.

आणखी एक जागा डोळ्यांत भरत होती, पण तिला हात लावला नाही. ड्राइव्हची मांडणी करतानाच पाच टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव ठेवली जाते. आमच्या पेटीत ती ०.७ जीबी होते. एका आज्ञेनं ती कमी करता येते. पण ती राखीव का असते? साधा माणूस लिहीत लिहीत ड्राइव्ह तुडुंब भरून टाकतो, तेव्हा आत शिरून सफाई करायलाही थोडी जागा लागते. ती ही. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांचं जेवण बाजूला काढून ठेवतात. ते पाहुण्यांना वाढून टाकलं तर पुढच्या पंगतीला वाढायला कुणी उभं राहणार नाही.

इथपर्यंतचं काम केर काढण्यासारखं होतं. खरी विद्या पुढे लागते, कारण प्रणालीतलं कुठलंही पॅकेज एकटं नसतं. डेबियनमध्ये पॅकेजांच्या नात्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिलं नातं अवलंबनाचं: अमुक असल्याशिवाय तमुक चालणारच नाही. दुसरं शिफारशीचं: असलं तर बरं, बहुतेकांना लागतं. तिसरं नुसत्या सूचनेचं: हेही कधी पाहा. अवलंबनाची पॅकेजं येतातच. शिफारशीची सहसा आपोआप येतात. सूचनेची मात्र बोलावल्याशिवाय येत नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणाचेही हेच तीन वर्ग असतात. बारीक व्हायचं तर शिफारशीनं आलेल्यांकडे पाहावं. मुक्काम ठोकून बसलेले बरेचसे तेच असतात.

काढण्यापूर्वी रंगीत तालीमही घेता येते. 'हे काढलं तर काय काय जाईल' असं विचारलं की प्रणाली प्रत्यक्ष काही न काढता नुसती यादी वाचून दाखवते. मी एकही पॅकेज तालमीशिवाय काढलं नाही. एका तालमीत गंमत पाहिली. कधीच न उघडलेला एक लहानसा खेळ काढायचा होता. पण तो एका 'सामूहिक' पॅकेजच्या यादीत होता. सामूहिक पॅकेजच्या पोटात स्वतःचं काहीच नसतं; ते नुसतं नाव असतं, आणि त्या नावाखाली सगळा गोतावळा एकत्र आलेला असतो. खेळ गेला की ते नाव जाणार, आणि नाव गेलं की 'आता यांना कुणी विचारणारं उरलं नाही' असं म्हणत प्रणाली शेकडो पॅकेजं निघायच्या रांगेत उभी करणार. दोन एमबीच्या खेळापायी घराचं छप्पर! तो खेळ अजून नांदतो आहे.

काही पॅकेजांवर तर 'अत्यावश्यक' असा शिक्काच असतो. ती काढायला गेलं तर पूर्वी प्रणाली एक पूर्ण वाक्य टाइप करून मागत असे: 'यस, डू अ‍ॅज आय से!' म्हणजे 'हो, मी सांगते तसंच कर'. हल्लीच्या आवृत्त्या तेवढंही विचारत नाहीत, सरळ नकार देतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या फांदीकडे येते. गोरखचिंचेच्या चित्रात एक जाड फांदी भाषांची होती. दादानं ज्या पेनड्राइव्हवरून डेबियन घातलं, तो 'लाइव्ह' प्रकारचा होता. जगातल्या कुठल्याही माणसानं यंत्राला लावावा आणि त्याची भाषा तयार असावी, अशा हिशेबानं त्यात शक्य तितक्या भाषांचं सामान भरलेलं असतं. तिथून बसवलेल्या यंत्रात ते सगळं उतरतं. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरात थाई अक्षरांसाठी वेगळा टर्मिनल होता. हिब्रू पंचांग होतं. जपानी टाइप करायची व्यवस्था होती. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसची कित्येक भाषांतली रूपं होती, आणि लिब्रेऑफिसच्या मदतपुस्तिकाही अनेक भाषांतल्या. चिनी-जपानी-कोरियन लिप्यांच्या फॉन्टचं वजन एकट्याचं नव्वद एमबीच्या घरात. त्यात नवल नाही. त्या लिप्यांना हजारो चिन्हं लागतात.

मी दादाला विचारलं. तो संगणकाच्या दुकानात काम करतो आणि असल्या सफाईची एक ठरलेली यादी त्याला पाठ आहे.

"अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "इंग्रजी ठेव, बाकी सगळं उडवून टाक. थाई न् जपानी घेऊन काय करायचंय आपल्याला?"

"आणि मराठी?"

"मराठी कशाला हवी कॉम्प्युटरमध्ये? इंग्रजी शिकतेस ना आता कॉलेजात?"

दादाचं मन वाईट नाही. ही यादी त्यानं केलेली नाही, त्याच्यापर्यंत ती आली आहे. प्रणाली सडपातळ करण्याच्या बहुतेक याद्यांत हे कलम असतंच: इंग्रजीखेरीज सर्व भाषा काढा. या कामासाठी 'लोकेलपर्ज' नावाचा एक प्रोग्रामही आहे. तो आधी सगळ्या भाषांची यादी पुढे ठेवतो आणि कुठल्या ठेवायच्या त्यांवर खूण करायला सांगतो. जिच्यावर खूण नाही तिचे अनुवाद पुसतो, आणि पुढे नवी पॅकेजं आली तरी त्यांच्यातले तेवढे अनुवाद पुसत राहतो. यंत्र काही कुणाच्या भाषेविरुद्ध नसतं. ते फक्त खूण पाहतं.

मी त्या यादीपुढे बराच वेळ बसले. 'एमआर', म्हणजे मराठी, मध्यावर कुठेतरी होती. तिच्यावर खूण न करता पुढे गेले असते तर यंत्रानं हूं की चूं केलं नसतं. म्हणून मी आधी तिचं वजन केलं. मराठी अनुवादांचा कप्पा भरला सहा-सात एमबी. देवनागरी फॉन्टची फाईल एका एमबीचा लहानसा तुकडा. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी अवतार धरूनही सगळं मिळून एका रोजनिशीच्या नव्या मर्यादेत, त्या पन्नास एमबीत, बसेल एवढंच. १३.७ जीबीत मराठीचं ओझं ते एवढं.

आणि त्या ओझ्यात काय आहे? आमच्या घरी संगणक सगळ्यांत नेमानं वापरते ती आई. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. बचत गटाची ती सचिव आहे. महिन्याच्या बैठकीनंतर कुणाचा हप्ता आला, कुणाचं कर्ज फिटलं, व्याज किती, हे सगळं ती लिब्रेऑफिसच्या रकान्यांत भरते. पूर्वी वहीत भरायची. बेरीज तपासून घ्यायला मात्र शेजारच्या मास्तरांकडे जायची. आता बेरीज रकानाच करतो. मेनूत 'उघडा' लिहिलेलं असतं, 'बंद करा' लिहिलेलं असतं, आणि ती वाचून दाबते. या जागी इंग्रजी शब्द आले तर ती करू शकणार नाही, असं नाही. आकारावरून, जागेवरून ती पाठ करील. बँकेतले फॉर्म, औषधांच्या पाकिटांवरची नावं, एसटीच्या पाट्यांवरचं इंग्रजी, हे सगळं तिनं आजवर असंच पाठ करून निभावलं आहे. पण पाठ करणं आणि वाचणं यांत फरक आहे. पाठ केलेली गोष्ट जागेवरून हलली की माणूस पुन्हा परावलंबी होतो. सहा-सात एमबी वाचवण्यासाठी मी आईला परत मास्तरांच्या दारात उभं करणार होते की काय?

फॉन्टचंही तसंच. देवनागरी तर देवनागरी, हिंदीचा फॉन्ट चालेल की, असं कुणी म्हणेल. वाचण्यापुरता चालेलही. पण आपला 'ल' आणि आपला 'श' यांचं वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळं आहे. म्हणूनच 'लोहित' या मुक्त फॉन्ट-कुळात मराठीचा फॉन्ट निराळा आहे. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट या कंपनीनं हे फॉन्ट मुक्त केले, त्यावरून ते नाव. आणि कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी पुढे त्यांची निगा राखली. शिवाय आपला तो अर्धा 'र'. वाऱ्यावरचा, दऱ्याखोऱ्यांतला, या लेखाच्या शीर्षकातल्या बिऱ्हाडातला. त्या एका आडव्या लहानशा रेघेची सोय फॉन्टमध्ये कुणीतरी मुद्दाम केलेली असावी लागते. आणि देवनागरीचा कुठलाच फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी उरतात नुसते रिकामे चौकोन. आईच्या हिशेबात बायकांची नावं असतात. बावीस बायकांच्या जागी बावीस चौकोनांच्या ओळी दिसल्या असत्या.

मी मराठीवर खूण केली. इंग्रजीवरही केली, कारण बिघाडाचे निरोप आणि बरीचशी मदत इंग्रजीतच मिळते आणि ती भाषा मला शिकायची आहेच. हिंदी ठेवली, भाऊ तिच्यातले खेळ खेळतो. बाकीच्या काढल्या.

काढताना मात्र दादासारखं 'काय करायचंय आपल्याला' असं म्हणणं जमेना. थाई टर्मिनलची तालीम घेतली, जपानी टाइपाची घेतली, हिब्रू पंचांगाची घेतली. कुणावर काही टेकलेलं नव्हतं, त्यांना निरोप दिला. पण हे सामान निरुपयोगी होतं म्हणून गेलं नाही. आमच्या घरी ती भाषा बोलणारं कुणी नाही, एवढंच त्याचं कारण. बँकॉकमधली माझ्याच वयाची एखादी मुलगी अशीच १६ जीबीची पेटी आवरायला बसली, तर ती आधी मराठी काढील आणि तिचं बरोबरच असेल. चूक होते ती 'मला नको' हे वाक्य 'कुणालाच नको' असं लिहून यादी पुढे पाठवली जाते तेव्हा. यादी करणाऱ्याच्या घरी इंग्रजी बोलत असतील. त्यांच्या यादीत आपण केर म्हणून येतो, आणि आपण ती यादी बिनबोभाट आपल्याच घरात अमलात आणतो.

हिशेब पुरा करते. खोक्यांतून ०.९, रोजनिशीतून १.१, कर्नलांकडून १.०, परभाषांची पॅकेजं आणि फॉन्ट यांतून १.२ आणि त्यांच्या अनुवादांतून ०.४, एकूण ४.६ जीबी. आधीचे ०.६ धरून मोकळी जागा झाली ५.२. 'ट्रिक्सी' पाहुणी आली, घरची झाली, आणि तिचं सामान लागल्यावरही तीन जीबीच्या वर कोऱ्या पाट्या शिल्लक आहेत. दादानं पेटी सुरू करून पाहिली. तिचा वेग पाहून तो खूष झाला. मेनू मराठीत पाहून म्हणाला, "तू ऐकलं नाहीस तर." मग आईच्या शेजारी बसून त्यानं चार बेरजा करून पाहिल्या आणि जाताना म्हणाला, "राहू दे. काय खातंय ते."

एक गोष्ट मात्र उरली. आवराआवर करताना लक्षात आलं की ठेवलेली मराठी सगळीकडे पुरी नाही. मेनूत तीन ओळी मराठी तर दोन इंग्रजी, असं ठिगळाचं काम आहे. हे अनुवाद स्वयंसेवक करतात. जितके हात लागतील तितकंच काम होतं. मी त्यातली एक फाईल उघडून पाहिली. तिची रचना अगदी साधी आहे. वर इंग्रजी वाक्य, खाली त्याचं मराठी. जिथे मराठी झालेलं नाही तिथे दोन अवतरणचिन्हं शेजारी शेजारी ठेवलेली, मध्ये काही नाही. त्या जागेला ड्राइव्हवर वजन नाही, त्यामुळे कुठल्याही गोरखचिंचेच्या चित्रात ती दिसत नाही. अशा ओळी एका फाईलीत शंभरावर निघाल्या.

मी सुरुवात केली आहे. सोपी वाटलेली वाक्यं अवघड निघतात. 'डिपेंड्स'ला 'अवलंबून' बरं की 'आधार'? 'रिकमेंड्स'ला 'शिफारस' ठीक; पण 'सजेस्ट्स'ला 'सूचना' म्हटलं की आपल्याकडे ती फलकावरची, प्राचार्यांच्या सहीची वाटते. आईला वाचून दाखवते. तिला अडलं की शब्द बदलते. आतापर्यंत चौदा ओळी झाल्या. आपल्या महाविद्यालयात मराठी विषय घेणारे पुष्कळ आहेत, आणि शब्दांवरून तास तास वाद घालण्याची हौसही पुष्कळांना आहे. त्यांनी एकेक फाईल वाटून घेतली तर बरं होईल. जागा आहे.